फेऱ्या रोजच्या, मग उठताना हात का टेकावा लागतो?

सकाळी सहाच्या सुमाराला सोलापूरच्या होम मैदानावर गेलात तर साठी-सत्तरीची मंडळी झपाझप फेऱ्या मारताना दिसतात. डोक्याला कानटोपी, तोंडात कालच्या शुगरचा आकडा. फेऱ्या झाल्या की कट्ट्यावर गप्पांचा फड बसतो. उठायची वेळ आली की मात्र एक हात गुडघ्यावर जातो, दुसरा शेजारच्याच्या खांद्यावर. पुढे झुकून एक झोका घ्यायचा, ‘हं’ करायचं, तेव्हा कुठे उभं राहता येतं. अर्धा तास न थांबता चालणारा माणूस फूट-दीड फूट उंच कट्ट्यावरून उठताना अडतो. असं का होतं ते कळलं, की वय वाढताना अंगात ताकद कशी टिकते याचं निम्मं कोडं सुटतं.

चालणं सोडा असं इथे कुणी म्हणत नाहीये. दम, रक्तदाब, साखर, झोप, मनाची उभारी, सगळ्याला चालण्याचा उपयोग होतो. पण चालणं आणि ताकद ही दोन वेगळी खाती आहेत. एकात भरलेलं दुसऱ्यात आपोआप जमा होत नाही.

स्नायूंचं नेमकं काय होतं

तिशी ओलांडल्यावर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहून लवकर उतरते. झटकन हालचाल करण्याची क्षमता तर सगळ्यात आधी जाते. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने या प्रकाराला ‘सार्कोपेनिया’ असं नाव दिलं आणि २०१६ पासून अमेरिकेत रोगांच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणजे ‘वय झालं, चालायचंच’ असं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट उरलेली नाही.

यातली फसवी बाजू अशी, की वजनकाट्यावर काहीच दिसत नाही. स्नायू कमी होतो तिथे चरबी येऊन बसते. ‘वीस वर्षं झाली, माझं वजन तेवढंच आहे’ असं अभिमानाने सांगणाऱ्या माणसाच्या मांडीत अर्धा माल बदललेला असू शकतो.

स्नायूंत दोन जातीचे तंतू असतात. संथ तंतू तासन्‌तास काम करतात, सहज थकत नाहीत, पण त्यांचा जोर कमी. वेगवान तंतू लवकर दमतात, पण जोर आणि झटका त्यांचाच. प्रत्येक कामाला शरीर आधी संथ तंतूंना बोलावतं. तेवढ्यावर भागलं तर वेगवान तंतूंना हाक जातच नाही. सपाट मैदानावर नेहमीच्या वेगाने चालणं हे असं भागणारं काम आहे. मग वर्षानुवर्षं फेऱ्या मारूनही वेगवान तंतू रिकामे बसून राहतात आणि वापर नाही म्हणून बारीक होत जातात.

दुसरी गोष्ट आतल्या तारांची. पाठीच्या कण्यातून निघणारी एकेक चेतापेशी बऱ्याच तंतूंना हुकूम देत असते. यंत्रमागाच्या कारखान्यात एक कामगार चार-सहा माग सांभाळतो, तसंच हे. वय वाढतं तशा काही चेतापेशी कायमच्या जातात. कामगार गेला की शेजारचा त्याचे एक-दोन माग आपल्याकडे ओढून घेतो, राहिलेले बंद पडून गंजतात. शरीरातही शेजारची चेतापेशी जमेल तेवढे अनाथ तंतू सांभाळायला घेते आणि उरलेले सुकतात. ही शेजारीण बहुतेक वेळा संथ जातीची असते, त्यामुळे तिच्या हाताखाली आलेले वेगवान तंतूही संथ होऊन जातात. म्हणून म्हातारपणी माणूस हळू हळू बराच वेळ चालू शकतो, पण पायरीला ठेच लागली तर सावरायला पाय वेळेवर पुढे पडत नाही. सावरायला मिळतो अर्धा-पाऊण सेकंद. तेवढ्यात पाय पुढे टाकायचं काम त्या वेगवान तंतूंचं.

‘दिवसभर काम असतंय की’

यावर सोलापुरात हमखास एक उत्तर येतं. पूर्व भागातल्या एखाद्या विडी कामगार मावशींना व्यायामाचं सांगून बघा. ‘पहाटेपासून हात थांबत नाही बघा, आणि वर व्यायाम कर म्हणता!’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, बोटांना दोऱ्याची सवय, आणि हजार विड्यांचा हिशोब पुरा होईपर्यंत बसून राहायचं. संध्याकाळी कंबर धरते, मान आखडते, जीव शिणतो. पण या सगळ्यात मांड्यांवर भार पडला कधी? हात चालले, पाय तासन्‌तास मुडपून पडून राहिले. मागावर उभं राहणाऱ्यांचं उलटं. दिवसभर पाय भरून येतात, पण सरळ पायावर नुसतं उभं राहिल्याने स्नायू वाढत नाहीत, पाय सुजतात मात्र.

शिणवटा म्हणजे व्यायाम नव्हे. स्नायूला ताकद वाढवायची गरज कधी वाटते, तर नेहमीपेक्षा जास्त भार पेलावा लागला तर. आणि तो भार थोडा थोडा वाढत गेला तर. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारी माणसं हे अंगाने जाणतात. संक्रांतीच्या आधी कित्येक दिवस रात्री सराव चालतो. थेट यात्रेच्या दिवशी कुणी काठीखाली जात नाही.

आपल्याकडची जुनी राहणी नकळत हा भार देत होती. पाटावर बसून जेवण, खाली बसून भाजी चिरणं, आडावरचं पाणी, भारतीय पद्धतीचा संडास. दिवसातून पंधरा-वीस वेळा माणूस जमिनीपर्यंत जाऊन वर यायचा. ही पूर्ण बैठकच झाली, फक्त तालमीबाहेरची. मग डायनिंग टेबल आलं, ओटा आला, गुडघे दुखतात म्हणून कमोड आला. ज्यांचे गुडघे खरंच गेलेत त्यांना कमोड हवाच, त्यात वाद नाही. पण घरात चालता-फिरता पंचावन्न वर्षांचा माणूस ‘पुढे लागणारच आहे’ म्हणून आत्ताच सगळं उंचावर नेऊन ठेवतो, तेव्हा तो दिवसातली शेवटची बैठकही हद्दपार करत असतो. माझ्या मते यात सोयीपेक्षा तोटा जास्त आहे.

घरच्या घरी कसं ओळखायचं

त्यासाठी लॅब लागत नाही. भिंतीला टेकवून एक साधी खुर्ची ठेवा, हात छातीवर घडी करून बांधा आणि हात न लावता पाच वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसा. मोबाइलवर वेळ लावा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पाय कमी पडताहेत असं समजायचं. दुसरी खूण चालण्याची. घराच्या पॅसेजमध्ये किंवा गल्लीत ६ मीटर मोजून घ्या आणि नेहमीच्या चालीने चाला. ६ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर चाल मंदावली आहे. पोटरीचा सगळ्यात जाड घेर टेपने मोजला तर पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असणं हीही धोक्याची खूण.

हाताच्या पकडीला दवाखान्यात यंत्र असतं. पुरुषांत २८ किलोच्या खाली आणि बायकांत १८ किलोच्या खाली पकड गेली की तिला कमजोर म्हणतात. पण सोलापुरातल्या घराला यंत्राची तेवढी गरज नाही. इथली जाड चादर भिजली की तिचं वजन काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. परवापरवापर्यंत जी बाई ती पिळून एकटीने दोरीवर टाकायची, ती आता तशीच निथळत टाकते आणि ‘ऊन आहे, वाळेल की’ म्हणते. ऊन नेहमीचंच असतं. बदललं असतं ते मनगट. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला नातवाला हाक मारणं, रिक्षात चढताना दांडी धरून आधी थांबणं, रस्ता ओलांडायला लोकांची वाट बघणं, ही त्याच यादीतली लक्षणं. माणूस ती कबूल करत नाही, नुसती सवय बदलतो.

सुरुवात कुठून करायची

१९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात दहा जणांवर एक प्रयोग झाला. त्यांचं सरासरी वय होतं ९०. आठ आठवडे त्यांच्याकडून मांडीच्या स्नायूंना भार देणारा व्यायाम करून घेतला, आणि तोही हलकाफुलका नाही, त्यांना झेपेल तितका जड. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. काहींची काठी सुटली. पुढे व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांतच त्यातली बरीचशी ताकद परत उतरली, हेही त्याच प्रयोगात दिसलं. नव्वदीतला स्नायू ऐकतो, पण सतत सांगत राहावं लागतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जो फरक जाणवतो तो स्नायू जाड झाल्याचा नसतो. मेंदू आणि चेतापेशी झोपलेल्या तंतूंना पुन्हा हाक मारायला शिकतात, त्याचा तो असतो. मांडी टेपने मोजून निराश होऊ नका, टेपवर दिसायला पुढचे दोन-अडीच महिने जातात.

घरात करायचा सगळ्यात मोलाचा एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी खुर्चीवरून उठणं-बसणं निवडेन. ज्याला हात न लावता उठता येत नाही त्याने खुर्चीवर घडी घातलेल्या दोन-तीन सोलापुरी चादरी ठेवाव्यात. बैठक उंच झाली की उठणं सोपं होतं. पाय खांद्याइतके फाकलेले, टाचा जमिनीला पक्क्या, छाती थोडी पुढे. वर येताना जोरात या, खाली बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा. धप्पकन बसायचं नाही, निम्मा फायदा त्या सावकाश बसण्यात आहे. वर येताना जोर कशासाठी, तर ठेच लागल्यावर लागणारा झटका तिथूनच येतो. आठ-दहा वेळा करा, शेवटच्या दोन वेळा कष्टाने जमाव्यात. दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा. बारा वेळा सहज जमायला लागलं की एक चादर काढा. सगळ्या चादरी संपल्या की हातात पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या, मग दोन लिटरच्या. ‘रोज शंभर वेळा करतो’ या बढाईपेक्षा दहा वेळा पण जड, हे जास्त कामाचं. एक दिवसाआड करा, कारण स्नायू मधल्या सुटीत दुरुस्त होतो.

बाकीचं थोडक्यात. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, पोटऱ्यांसाठी. भिंतीला हात टेकून जोर मारायचे, छाती आणि दंडासाठी, तालमीतल्या जोराचं हे उभं रूप. मंडईतून येताना दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन सरळ मानेने चालायचं, यात पकड आणि पाठ दोन्ही आलं. आणि तोलासाठी दात घासताना एका पायावर उभं राहायचं, हाताशी बेसिन असू द्या. ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे. आठवड्याची दीडशे मिनिटं चालणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. सोलापूरकरांना यातला एक फायदा आयताच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की फेऱ्या बंद पडतात, खुर्ची मात्र पंख्याखाली असते. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणून त्या दिवसांत पाणी तहान लागायची वाट न बघता प्यायचं.

‘गुडघे झिजलेत, आता कशाला आणखी झिजवू?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण गणित उलटं आहे. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा धक्का झेलतो. तो कमजोर झाला की सगळा मार सांध्यावर येतो. म्हणून संधिवाताच्या झिजेवरही मांडी बळकट करणं हा पहिल्या फळीचा उपाय मानला जातो. दुसऱ्या दिवशी मांडी भरून आली तर घाबरायचं नाही, एक-दोन दिवसांत जातं. सांध्यात कळ आली, सूज आली तर मात्र चादरी पुन्हा वाढवा.

ताटात काय पडतं

स्नायूची दुरुस्ती प्रथिनांवर चालते. तरुणपणी जेवढ्या प्रथिनांवर स्नायू हलतो तेवढ्यावर म्हातारपणी तो हलत नाही, त्याला एका जेवणात जास्त लागतात. ठणठणीत प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम पुरतात असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोजमाप आहे. म्हाताऱ्या माणसांना १ ते १.२ ग्रॅम हवेत असं वार्धक्यावर काम करणारे तज्ज्ञ म्हणतात. साठ किलोच्या माणसाला झाले साठ ते सत्तर ग्रॅम.

आता आपलं ताट मोजू. दोन्ही वेळच्या मिळून चार ज्वारीच्या भाकरी, साधारण वीस-बावीस ग्रॅम. दोन वाट्या पातळ आमटी, आठ-नऊ. शेंगाचटणी दोन-तीन चमचे, पाच. चहातलं दूध, दोन-तीन. बेरीज चाळिशीच्या आत-बाहेर. आणि हे चार भाकरी खाणाऱ्याचं. सत्तरीनंतर बहुतेक घरांत रात्रीचं जेवण ‘हलकंच’ होतं, अर्धी भाकरी, नाहीतर नुसता भात-ताक. तिथे ही बेरीज आणखी खाली येते.

तूट भरायला प्रथिनांच्या पावडरीचे डबे विकत आणायची गरज नाही. आमटी पातळऐवजी घट्ट करा, एवढ्यानेच फरक पडतो. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो आणि डाळीत भरपूर, त्यामुळे भाकरीशी डाळ ही जोडी नुसती चवीची नाही. मटकीची किंवा हुलग्याची उसळ, पिठलं, एक पेला दूध, वाटीभर दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे, यातली प्रत्येक गोष्ट सहा ते आठ ग्रॅम घालते. एक अंडं सहा ग्रॅम. मटण-चिकन खाणाऱ्यांना प्रश्न कमी, पण आठवड्यातून एकदा पोटभर खाऊन बाकी सहा दिवस भरून निघत नाहीत. दात नाहीत म्हणून शेंगदाणे सुटलेल्यांना शेंगाचटणी आहेच, ती कुटलेलीच असते. फक्त रक्तदाब असेल तर मीठ घरच्या हाताने बेताचं घाला. उपवासाचं तेवढं बघा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. सोमवार, एकादशी, चतुर्थी करणाऱ्या आजींच्या आठवड्यात असे दोन-तीन दिवस निघतात. त्या दिवशी दूध, दाण्याची आमटी, राजगिरा हवा.

प्रेमाने झोपवलेली माणसं

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आजारपणाची. डेंग्यू झाला, चिकनगुनिया झाला, पडून मुका मार लागला, की घरचे सगळे एका सुरात म्हणतात, ‘काका, तुम्ही फक्त पडून राहा, आम्ही आहोत ना.’ पाण्याचा तांब्या हातात, जेवण गादीवर. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. त्यांना आजार काहीच नव्हता. तरी दहा दिवसांत पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. तरुणाचं असं गेलेलं परत येतं, म्हाताऱ्या माणसाचं बऱ्याचदा पूर्ण येत नाही. अशी दोन-तीन आजारपणं झाली की कालपर्यंत जिना चढणारा माणूस घरात भिंत धरून फिरू लागतो आणि सगळे म्हणतात, त्या तापाने घात केला. तापाइतकाच घात गादीने केलेला असतो.

ताप चढलेला असताना व्यायाम नको, हे खरंच. पण उतरला की त्याच दिवशी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा, जेवायला खुर्चीत आणा, संडासला धरून का होईना चालवत न्या. झोपल्या झोपल्या टाचा ओढणं, गुडघा ताठ करून पाय वीतभर उचलणं एवढं तरी चालू ठेवा. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्यांनाही डॉक्टर आता शक्यतो दुसऱ्या दिवशी उभं करतात, ते याच कारणासाठी. बरं वाटल्यावर जुन्या आकड्यापासून सुरू करू नका, दोन चादरी परत खुर्चीवर टाका.

काही जणांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. नुकताच हृदयविकाराचा त्रास झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेले, हर्निया असलेले, उठल्यावर चक्कर येणारे. किडनीचा आजार असेल तर वर लिहिलेले प्रथिनांचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, ते डॉक्टरच ठरवतील. व्यायाम करताना श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा. छातीत दाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर जागेवर थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. आणि काही कारण नसताना दोन-तीन महिन्यांत वजन उतरत असेल, तर खुर्ची बाजूला ठेवून आधी तपासण्या करून घ्या. ते नुसतं वयाचं नसतं.